बाईसाहेबांची घंटी

...आन मी म्हंतो, इतकी वर्षं गप लटकलेल्या घंटीला नेमकं त्याच टायमाला वाजायची काय गरज हुती?

तुमाला सांगतो, आमच्या सायलीला जामखेडचं स्थळ आलेलं. पोराचे वडील कानिफनाथराव, भारदस्त मानूस, मिशीला पीळ! फोनवरच म्हनले, "आमच्यात बायकांचं चालत न्हाई बरं का." मी काष्टीचा रंगनाथ, मी सोडतो व्हय? म्हनलं, "आमच्यात तरी कुठं? घरात चालतं कुनाचं? माझं!"

आता बोललो तर निभवायला नगं? आन घरी बोलवावं तर आमची बायकू चांगुणा... ती हाक मारत न्हाई, तांब्यावर चमचा वाजवती. टण् टण् झालं की मी उठायचं, मोटार बंद करायची, न्हाईतर दळन आनायचं. पाव्हन्यांम्होरं वाजलं म्हंजे? म्हनून म्हनलं, नगरला सरदारांच्या घराचं म्युझियम केलंय, तितंच भेटू. तितं कुठला आलाय तांब्या! हाय का न्हाई डोकं?

तर गाईड पोरगी, ज्योती नावाची, कशी गोड बोलायची! "हे सरदारांचं आसन. ते इथे लोडाला टेकून बसायचे, आणि पंखा ओढणारा नोकर तिकडे, भिंतीपलीकडे." कानिफनाथराव म्हनले, "असं पायजे!" मी म्हनलं, "आमच्याकडं असंच! घरात चालतं कुनाचं? माझं!" चांगुणा नुसती खोकली. त्या खोकल्याला औषध न्हाई, तुमाला सांगतो...

मग खाली नोकरांची खोली. छप्पर डोक्याला लागतंय, आन भिंतीवर ओळीनं घंट्या! ज्योती म्हनली, "वर बाईसाहेबांनी दोरी ओढली की इथे घंटी वाजायची, आणि नोकर हातातलं टाकून पळायचा."

कानिफनाथरावांनी कपाळाला हात लावला. "अरारा! काय ते जिनं!"

"मानसं का जनावरं!" मी म्हनलं.

चांगुणा, सायली आन पोराची आई ज्योतीसंगं बाईसाहेबांची खोली बघाया वर गेल्या. आमचे गुडघे बोलाया लागले, म्हनून आमी दोघं नोकरांच्याच बाकड्यावर टेकलो. आता सोयरीक जुळल्यातच जमा हुती, मी अगदी रंगात! म्हनलं, "पाव्हनं, पोरीला वळन मीच लावलंय. घरात चालतं कुनाचं..."

टण् टण्!

मी उठलो. मी म्हंजे काय, माझे पाय उठले! "आलो गं, मोटार बंदच करतोय!" करत जिन्याकडं पळालो, तर म्होरं कोन? कानिफनाथराव! दोन दोन पायऱ्या टाकत, "आलो आलो, धार काढायलाच बसतोय!" त्यांच्याकडं म्हनं ताट वाजवत्यात!

वर चांगुणाच्या हातात दोरी. शेजारी विहीनबाई. दोघींनी आमच्याकडं बघितलं, मग एकमेकींकडं बघितलं, आन विहीनबाई म्हनल्या, "पोरगी पसंत हाय. वळन आईचं दिसतंय." तारीख बी तितंच ठरली. आमाला विचारलं? नावच काढू नगा!

खाली म्युझियमचं दुकान. दोघींनी एकएक पितळी घंटी घेतली. आन तिसरी सायलीला, रुखवतात मांडाया!

लग्नात जावई भोळेपनानं विचारतोय, "मामा, ही घंटी देवपूजेची का?"

मी कानिफनाथरावांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघाया लागले. आता काय सांगू लेकराला? म्हनलं, "ठेव बाबा. वाजली की कळंल."