दोन पेपरांमधले अडीच तास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य मधुसूदन सर, पालक संघाचे अध्यक्ष ओमप्रकाशजी, सत्कारमूर्ती गिरिधर सर, सौ. शोभाताई, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी मित्रहो, पालकहो आणि जेवण केव्हा लागतं याची वाट पाहत मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. लिहून आणलेलं भाषण खिशात आहे, पण ते काढायचा धीर होत नाही. त्याऐवजी दोनदा रुमालच काढला. उन्हाळ्याचं निमित्त सांगितलं असतं, पण सभागृहात कूलर चांगला चालू आहे.

गिरिधर सरांनी चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या एका नियमाबद्दल बोलतो. जेईई ॲडव्हान्स्डचे दोन पेपर एकाच दिवशी असतात. पहिला बाराला सुटतो, दुसरा अडीचला सुरू होतो. या अडीच तासांत मुलं काय करतात? उत्तरं जुळवतात. एक उत्तर चुकलं की दहा बरोबर उत्तरांवरही शंका घेतात. म्हणून सर दरवर्षी हिंगणा रोडच्या सेंटरबाहेर कडुनिंबाखाली सतरंजी टाकायचे, सर्वांना दहीभात वाढायचे आणि जो पेपरचं नाव काढेल त्यानं सगळ्यांचे डबे घासायचे, अशी शिक्षा ठेवायचे. आमच्या गोलूनं दोनदा घासले आहेत. हसू नका, तो मागेच उभा आहे.

क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही हाच नियम होता. त्या दिवशी तिथे पेपरबद्दल एक अक्षर नाही.

पाणी घेतो थोडं.

गेल्या वर्षी बर्फ संपला म्हणून सर स्कूटरवर बर्फ आणायला गेले. फोन सतरंजीवरच राहिला. तेवढ्यात त्यावर ग्रुपमध्ये मेसेज आला. आपली दामिनी कामठी रोडच्या सेंटरवर होती आणि सोबत तिचे वडील होते, म्हणजे ओमप्रकाशजी. केमिस्ट्रीच्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी विचारलं होतं: या संयुगाची रूपं किती? दामिनीनं तीन लिहिलं होतं. दोन मिनिटांनी सरांच्या फोनवरून उत्तर गेलं: चार.

दामिनी रडली. मग दुसरं उत्तर आठवून रडली, मग तिसरं. वडिलांना म्हणाली, "माहा पूर्ण पेपर गेला बाबा, मी आत नाही जात." सरांनी बर्फ घेऊन आल्यावर फोन पाहिला आणि लगेच लावला, पण तिनं घेतला नाही. सेंटरचं गेट बंद झालं तेव्हा ती बाहेरच बसलेली होती. एक पेपर सोडला की दिलेल्या पेपरलाही अर्थ उरत नाही, हे इथं सर्वांना माहीत आहे.

आणि बरोबर उत्तर होतं तीन.

ओमप्रकाशजी स्टाफरूममध्ये आले ते मला अजून दिसतं. ते म्हणाले, "नियम तुमचाच, अन् तोडला बी तुमीच. जो विषय येत नाही त्याचं उत्तर काहून देल्लं?" सर मान खाली घालून ऐकत राहिले. इतवारीच्या बाजारात ओमप्रकाशजींचं भांड्यांचं दुकान आहे. तिथवर गोष्ट गेली, तिथून सगळीकडे. वर्षभर या दोघांत बोलणं नाही. आजही दोघं एक खुर्ची सोडून बसलेत.

सूत्रसंचालक दिपालीताई, तुमची चिठ्ठी मिळाली. वेळ संपलाय, पण आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणार नाही.

तो विषय सरांना येत नाही, हे खरं आहे. केमिस्ट्री मी शिकवतो. सतरंजीवर फोनजवळ मीच बसलो होतो. दोन रूपं प्रत्यक्षात एकच निघतात, ती दोनदा मोजू नका, हे मी वर्गात दहा वर्षं बजावतोय. आणि ओमप्रकाशजींचा मेसेज दिसल्यावर, मला येतं हे दाखवायच्या घाईत, मी तेच केलं. चार मी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी जरीपटक्याला सरांच्या घरी गेलो. म्हटलं, मी सांगून टाकतो. मी तेव्हा कंत्राटी होतो आणि कायम होण्याचा कागद वर गेलेला होता. सर एवढंच म्हणाले, "काहून घाबरता? फोन माहाच होता ना."

आणि मी घरी आलो. डिसेंबरात कायम झालो. तेव्हाही बोललो नाही.

दामिनी मागच्या रविवारी पुन्हा परीक्षेला बसली. निकाल यायचा आहे. तिचं गेलेलं वर्ष मला परत करता येत नाही, याची मला रोज लाज वाटते.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं ते पोटात घालावं. पण ओमप्रकाशजी, दामिनी, ते उत्तर पोटात घाला असं मी म्हणणार नाही. तुम्हाला मला जे बोलायचं ते बोला. फक्त आज सर घरी जाण्याआधी त्यांच्याशी एकदा बोला.