रद्दबातलचा शिक्का

—नाही, बसा हो साहेब, त्या स्टुलाचा पाय हलतो, पण आजवर कुणाला पाडलेलं नाही त्यानं. तर काय विचारत होतो— नुसतं ‘रद्द’ हवंय की ‘रद्दबातल’? लोक मागतात एक आणि त्यांना हवं असतं भलतंच, मग शिक्का परत आणतात आणि माझ्याशी हुज्जत घालतात, म्हणून आधी विचारून घेतलेलं बरं. ‘रद्द’ म्हणजे काय, तर आजपासून बंद. काल होतं, आज नाही. नळ रद्द, परवाना रद्द. पण ‘रद्दबातल’ तसं नाही, ते मागे जातं— पार मुळापर्यंत जातं— म्हणजे ती गोष्ट कधी नव्हतीच. समजा घटस्फोट झाला, तर निदान लग्न झालं होतं असं तरी लोक म्हणतात. लग्न रद्दबातल ठरलं की झालंच नव्हतं. एवढी माणसं आली, जेवली, फोटो काढले, ते सगळं हवेत. नवरा नवरा नव्हता, सासू सासू नव्हती— आता हे ऐकून खूश होणारेही असतात म्हणा. हसला नाहीत तुम्ही. असो, तुमचं कचेरीतलं रोजचं काम ते, तुम्हाला काय नवं. ‘रद्दबातल’च ना? मोठ्या अक्षरात, लाल शाईत. करू की.

दार कशाला लोटताय? उकडेल हो. बरं, राहू द्या.

आता तो कागद दाखवा, ज्याच्यावर मारायचाय. कागद बघितल्याशिवाय मी रबराला हात लावत नाही, पद्धतच आहे माझी. गुळगुळीत कागदावर शाई पसरते, खरखरीत कागद शाई पितो, त्यावर ठरतं अक्षर किती खोल कोरायचं ते. मजकूर झाका हवं तर, मला कोपरा पुरे— हं, द्या. चांगला आहे की, जाडजूड, जुना सरकारी माल— अरेच्चा. हा गोल शिक्का बघितलात का? हा माझा. म्हणजे माझ्या हातचा. कसं ओळखलं? हे इथे बघा, कडेची रेघ गोल फिरत येते आणि अगदी खाली जराशी तुटते. बघणाऱ्याला वाटतं शाई लागली नाही. पण ती खाच आहे, आणि ती मी मुद्दाम पाडतो, प्रत्येक शिक्क्याला. उद्या कुणी दुसऱ्याचं भिकार काम आणून माझ्या गळ्यात मारायला नको. घरचे हसतात मला, म्हणतात, कोण बघणार आहे ती. पण आज तुम्ही बघितलीत ना? फार बरं वाटलं, खरं सांगतो.

हो, मीच. भिंग कशाला, ठेवा ते, डोळे मिटून सांगेन. तेव्हा नोंदणी कचेरीतला शिक्का तडकला होता, आणि नवा यायचा म्हणजे वरून, राजधानीतून, कधी येईल देव जाणे. बाहेर ही एवढी रांग, लग्न नोंदवायला आलेली जोडपी, बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या. मग तिथले मोठे साहेब स्वतः आले माझ्याकडे, तुम्ही बसलात तिथेच बसले, म्हणाले, मास्तर, लाज राखा. मी तडकलेला शिक्का समोर ठेवला आणि हुबेहूब दुसरा करून दिला. लेखी हुकूम? कसला हुकूम, साहेब, रांग उभी होती बाहेर. आणि मग नवा शिक्का येईपर्यंत सगळी कचेरी माझ्या शिक्क्यावर चालली की. अख्ख्या नदीकाठची लग्नं नोंदवली गेली त्यानं. अहो, आमच्या मुलाचंसुद्धा— कारकुनाच्या हातातून घेऊन मीच दाबला तो त्यांच्या कागदावर, माझी हौस. सून नदीपलीकडची, म्हणजे तिकडच्या देशातली. तिचं इथलं राहणं सगळं त्या एका कागदावर, दुसरं काय आहे तिच्याकडे? पण पोरगी गुणाची हो. माझ्याहून सुबक अक्षर कोरायला लागलीय. आणि आता नातू आहे, तो तर दिवसभर माझ्या पायात पायात—

काय म्हणालात?

नाही, ऐकू आलं. पुन्हा म्हणालात तर बरं, नीट कळलं नाही इतकंच. बिनहुकुमाचा शिक्का. म्हणजे बनावट? बनावट कसा, साहेब, मोठे साहेब स्वतः— वारले? कधी? म्हणजे ते बसले होते तुमच्या जागी, हे सांगायला आता कुणीच— आणि ही पिशवी. हे सगळे तसलेच कागद आहेत का? सगळ्यांवर खाच? तुम्ही नुसता शिक्का करून घ्यायला आला नव्हता तर. तो कुणाच्या हातचा, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि मी आपला तोंड वर करून—

ऐका जरा. ती खाच म्हणजे, तसं बघितलं तर, शाईही कमी लागते कधीकधी. कुणाचाही शिक्का असू शकतो तो. माझे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत, मला फुशारकी मारायची सवय आहे, कुणालाही विचारा. लिहू नका ना. मी हात जोडतो, लिहू नका. मला घेऊन चला हवं तर, शिक्का मी केला, त्या माणसांनी काय केलंय? ती रांगेत उभी राहिली फक्त. भीती वाटतेय हो मला, असला शिक्का मी कसा कोरणार.

कुणाचं लग्न? माझ्या मुलाचं? ते मी असंच बोललो. सून इथे नसते. माहेरी गेली ती, केव्हाच गेली, पटलं नाही त्यांचं.

ही? ही— चहा ठेव तिथे. नको, नको, पाया कशाला पडतेस, साहेबांना आवडत नाही. ही कामाला येते आमच्याकडे. झाडलोट करते, शिक्क्यांच्या लाकडी मुठी घासते. नाव? कामाच्या बाईचं नाव कोण लक्षात ठेवतं, साहेब, येतात आणि जातात. तो पोरगा तिचाच. आजोबा म्हणतो, हो, तो सगळ्यांनाच म्हणतो, लहान आहे. अरे सोड, पाय सोड माझा. सोड म्हटलं ना.

आणि तू अशी बघतेस काय माझ्याकडे? तुझं काम संपलं. तुझं पोर उचल आणि मागच्या दारानं नीघ. मुलाची— माझ्या मुलाची वाट बघत बसू नकोस, तुझा पगार मी पोचवीन. सरळ नदीकडे जा, तुझ्या माणसांत जा, आणि पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. जा.