म्हसोबा वरच बसू दे

काय सांगू ताई तुमाला, महं माहेर शेंद्र्याकडलं, तिथं सगळं सपाट रान, डोंगर काय असतो ते म्या लग्न होऊन इकडं आले तवाच पाह्यलं. सासूनं पहिल्याच दिवशी हातात काठी दिली आन् म्हनली, सूनबाई, शेळ्यांच्या मागं मागं चढ, वाट त्यांना ठावी हाय. अर्ध्यात दम लागून मी बसले, आन् शेळ्या वरून मह्याकडं पाहू ऱ्हायल्या, हसत असतील मेल्या.

वर म्हसोबा. देऊळ नाय काय नाय, शेंदूर फासलेला धोंडा. त्याचा मान आमच्या घराचा. शेळी व्याली की पहिल्या चिकाचा खरवस त्याला, मग घरातल्या लेकरांना. आन् डोंगराच्या बुडाला झिरा, पानी थोडंच, पन बारमाही. दुष्काळात गावाच्या विहिरी आटल्या, टँकर आले, तरी मह्या शेळ्या झिऱ्यावर प्यायच्या. तवा डोंगरावर कमरेइतकं गवत व्हतं, पाऊस मुरायचा. आता पाऊस येतो तर कसा, लई दिवस तोंड दाखवत नाय, आन् आला की अंगावर धावून येतो, घंटाभरात सगळं पानी ओढ्याला. मुरंल कशात, डोंगर ठेवलाय कुठं?

शहर वाढलं ना. वाळूजला कंपन्या आल्या, कंपन्यांमागं वस्त्या, वस्त्यांना रस्ते, आन् भरायला मुरूम कुठला, तर आमचा. खोदायला पोकलेन आली, वाहायला हायवा ट्रक आल्या, डोंगर खाल्ला. आमचा ज्ञानाच, महा पोरगा, पोकलेन चालवतो. त्याच्याच पगारावर घर चाललंय, खोटं कशाला बोलू. पन देवाखाली मशीनचं बकेट घालायला कोनी धजेना. चारी बाजूंनी डोंगर गेला आन् मधी म्हसोबा ऱ्हायला उंचावर, त्याच्याखालचा तेवढा डोंगर आन् झिरा. वर जायची वाट सुद्धा गेली.

मग ठेकेदार घरी आला, लई गोड बोलला. आजी, देवाला असं उन्हात काहून ठेवता, खाली फरशीचं देऊळ बांधून देतो, तुमी फक्त मानानं पहिला हात लावा. गाव म्हनलं, व्हय, चांगलंच झालं. ज्ञाना म्हनला, आई, तुझे गुडघे तरी वाचतील. मी म्हनलं, हात लावनार नाय. आरे, देव खाली आला की त्याच्या बुडाखालचा डोंगर कोनाचा? दुसऱ्या दिवशी तूच बकेट घालशील. झिरा गेला मग शेळ्या काय देवळाची फरशी चाटतील?

लई बोलनी खाल्ली ताई. म्हातारी आडमुठी हाय म्हनले, देवाला वनवास करती म्हनले. म्हना. मान आमचा, मी हात लावल्याबिगर कोनी धोंडा उचलंना. पन ज्ञाना बोलंना मह्याशी. ताट वाढलं की जेवायचा, मान वर करायचा नाय. पोटचा पोरगा, ताई, जिवाला लई लागलं.

औंदा पावसानं दगा दिला, पुन्हा टँकर. होळीच्या आधी काळी शेळी व्याली. खरवस केला, वाटी घेऊन गेले आन् खालीच उभी, वर पाहू ऱ्हायले. ज्ञाना मशीनवरून उतरला, वाटी घेतली, बकेटात ठेवली, परत वर चढला आन् मशीनचा हात हळूहळू वर नेला, थेट म्हसोबाम्होरं. मह्या डोळ्याला पानीच आलं. पन त्या धडधडीनं कडेची माती सुटली आन् झिऱ्यात पडली. मी वरडले, बस कर रं बाबा, मागं घे! त्यानं घेतलं मागं. मग आमी दोघं मायलेकरं खाली बसलो, हातानं माती उपसली, पानी मोकळं केलं. त्याच दिवसापून बोलतो आता.

आता खरवस मी बुडालाच ठेवते. हात जोडते आन् म्हनते, देवा, मह्या ज्ञानाला सुखी ठेव. वास येतो ना वरपर्यंत, तेवढ्यावर भागव बाबा, पन खाली उतरू नको.