सातशे एमबीचे बाबा

— नाही, बसू नकोस, उभी राहूनच ऐक. आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन, इथे काचेची खोली आहे, सगळे बघतायत. तर काय म्हणत होतीस, चुकून गेली? सातशे एमबीची फाइल कोडच्या रेपोमध्ये, सगळ्या टीमच्या सामायिक साठ्यात, चुकून कशी जाते गं? बाबांचा व्हिडिओ मैत्रिणीला दाखवायचा म्हणून कामाच्याच फोल्डरमध्ये टाकलास, आणि संध्याकाळी डोळे मिटून 'सगळं घाल' अशी कमांड दिलीस — त्यात कोड किती, बाप किती, बघायला नको? मग घाबरून फाइल उडवलीस. वाटलं, सुटले. अगं, रेपो काही विसरत नाही, पुसलेलंही इतिहासात जपून ठेवतो. कोड उतरवून घेताना चाळीस जण आठवडाभर तुझ्या बाबांना डाउनलोड करत बसले होते.

आता म्हणतेस, तेवढी एकच कॉपी उरलीय, इतिहास साफ करायच्या आधी काढून द्या. फोन बिघडला, त्याला मी काय करू? गेलेल्या माणसाचा एकच व्हिडिओ असतो का कोणाकडे? — असेल, असेल बाई. आवाज बरा आहे त्यांचा. मधेमधे खोकतात, आणि तुला 'ठमे' म्हणतात, अकरा वेळा... हो, बघितला. काय आहे ते तपासायला नको? दोनदा बघितला. तीनदा. आमचे वडील बोलायचेच नाहीत, हाक मारली तर नुसतं 'ए' — जाऊ दे, त्याचा इथे काय संबंध.

मोठी फाइल अडवणारी तपासणी होती ना, म्हणतेस? होती की, मीच बसवली होती. पन्नास एमबीच्या वर काही आलं की दारातच अडवायची. दोन महिन्यांपूर्वी मीच बंद केली — माझंच काहीतरी अडत होतं, घाई होती, परत चालू करायची राहिली... हे बाहेर बोलायचं नाही. बोललीस तरी साहेबांकडे रिपोर्ट गेलाय, त्यात नाव तुझं आहे.

पेन ड्राइव्हसुद्धा आणलास? दोन मिनिटांचं काम आहे, खरंय. पण सकाळी दहालाच साफ केलं मी सगळं — सर्व्हरवरून, बॅकअपमधून, प्रत्येकाच्या मशीनवरून. तू मघापासून हात जोडत होतीस, मी थांबवलं नाही. बापासाठी माणूस किती वाकतं, ते मला बघायचं होतं. बघितलं. जा आता, आणि जाताना पुढच्याला आत पाठव.