आमच्या वॉर्डातल्या तीन पोरी

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं, मिठागराचं. चांगुना माझं नाव, दवाखान्याच्या रजिस्टरात नीट चांगुणा लिवलेलं हाय, पन सगळं पनवेल मला चांगुनाबाईच म्हनतं. वीस वर्सं होऊन गेली नर्स होऊन, त्यातली जास्त वर्सं मोठी सिस्टर म्हनून काढली, तरी गावची बोली काय सुटली नाय बघा. मुंबईला शिकायला होती तिथल्या मेट्रनबाई म्हनायच्या, चांगुणा, हाय नाही, आहे म्हणावं. मी म्हनायची, बरं हाय बाई, आहे म्हनीन. त्या कपाळाला हात लावायच्या.

नर्स झाली ती बापाच्या पायामुळं. आमचा बापूस मिठागरावर कामाला, एकदा फावडं पायावर बसलं, नि खाऱ्या पान्यात उभं राहून राहून ती जखम चिघळली. मग त्याला बैलगाडीत घालून रोज पनवेलला आनायला लागायचं मलमपट्टीला, नि सोबत मी, कारन मी तेवा सातवीला पनवेललाच शाळेत यायची. दवाखान्यात नर्स एकटीच. ती म्हनाली, पोरी, हा ट्रे धर जरा. मी धरला. तिनं जखम उघडली, पू काढला, रगत आलं, बापूस ओरडला, माझ्या हातातला ट्रे काय हलला नाय. दुसऱ्या दिवशी परत धरला, तिसऱ्या दिवशी न सांगता धरला. मग ती बापाला म्हनाली, ही पोरगी नर्स होईल. बापूस म्हनला, होऊ दे की, इथं मिठाच्या टोपल्या वाहून कुठं रानी होनार हाय. गावात लोक बोलले, म्हातऱ्या बाया बोलल्या, पोरगी मेलेल्यांना हात लावनार काय. बापूस म्हनायचा, जित्यांना लावनार हाय, म्हनून तर मरायचे नायत. असा मानूस होता.

मुंबईला शिकली, त्याच सुमाराला देश स्वतंत्र झाला, होस्टेलच्या गच्चीवर आमी पोरींनी झेंडा लावला होता, तो आजून डोळ्यासमोर हाय. मग परत पनवेलला आली, लगीन झालं. आमच्या घरचे टांगा चालवायचे, सकाळी पयली सवारी मी. दवाखान्याचं नाव काय लिवू नका तुमी, उगा कशाला, गावातल्या चार भल्या मानसांनी काढलेला, वीस खाटा, एक डॉक्टरसाहेब, एक कंपाऊंडर, नि आमी नर्सा. बाळंतिनींची खोली वेगळी, तिच्यावर आजूबाजूची सगळी गावं अवलंबून. पार पळस्प्यापासून, शिरढोनपासून बाया यायच्या.

आता मेन गोष्ट सांगते. माझ्या आधीच्या मोठ्या सिस्टर जाम कडक. त्यांच्यापुढं सगळ्यांनी एकसारखं उभं राहायचं, एकसारखं बोलायचं, एक आठवडा इथं, दुसरा तिथं, घड्याळासारखं. त्या निवृत्त झाल्या नि मला केलं मोठी सिस्टर. मला दुसरं काय ठावं होतं, मी पन तश्शीच वागायला लागली. नि पोरी टिकत नव्हत्या. एक यायची, चार महिन्यांत जायची, दुसरी यायची ती पावसाळा संपला की जायची. नर्सा मिळनं तेवा सोपं नव्हतं, घरचे पोरींना पाठवायचेच नायत. एकदा एका महिन्यात दोघी गेल्या, नि डॉक्टरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. म्हनाले, चांगुणाबाई, आता नर्स म्हणून उरलात तुम्ही आणि रुकय्या. पुढच्या महिन्यापर्यंत माणसं आली नाहीत तर बाळंतिणींची खोली बंद करावी लागेल. मी बाहेर आली तर दारात एक बाई पोट धरून बसलेली, आठवा महिना, मला म्हनते, बाई, पुढच्या महिन्याला मी इथंच येनार हाय हा, मला दुसरीकडं नका धाडू. काय सांगू तुमाला, मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

त्या गेल्या त्या दोघी म्हंजे लक्ष्मी नि सुमती. लक्ष्मी करंजाची, कोळ्यांची पोर, आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा पेशंट उत्तर द्यायचा. ऑपरेशनच्या पेशंटांच्या खोलीत तिची पाळी आली की दिवसभर माझं एकच, लक्ष्मी गप, लक्ष्मी हळू. सुमती पेन गावची, शिकलेल्या घरातली, बोलायचीच नाय. विचारलं तर मान हलवनार. मला वाटायचं जाम शिष्ट हाय ही. ड्रेसिंगच्या खोलीत तिची पाळी असली की खोली लख्ख असायची, पन पाळी बदलली की तिला मी दारावर उभी करायची, जिथं सकाळी गावोगावच्या बाया येतात, ढकलाढकली, पोरं रडतात, नाव लिवून घ्या, कोनाला आधी कोनाला नंतर. ती गोंधळायची. एकदा तिनं दोघींचे कागद उलटसुलट केले, मी सगळ्या बायांसमोर तिला बोलली, जीभ घरी ठेवून आलीस काय म्हनून. तिनं कागद परत नीट लावले. संध्याकाळी टोपी घडी करून टेबलावर ठेवली नि भावाकडं पेनला गेली. त्यानंतर आठ दिवसांत लक्ष्मी सुट्टीला म्हनून करंजाला गेली ती आलीच नाय.

मग मी ठरवलं, लक्ष्मीला आनायचीच. सुट्टीच्या दिवशी एसटीनं उरनला गेली, तिथून चालत करंजा. मनात भाषन तयार होतं, अशी जबाबदारी टाकून येतात काय, वगैरे. बंदरावर लक्ष्मीची आई लिलाव पुकारत होती, मोठ्ठी बाई, नाकात नथ, कमरेला कास्टा, नि आवाज, तो ऐकून मला कळलं पोरीनं कुठून उचललाय. लिलाव संपेपर्यंत मला बसवून ठेवलं. मग आली नि मीच काय बोलायच्या आधी ती बोलली. म्हनाली, बाय, तू माझ्या पोरीला गप बसवतंस ना. मी म्हनाली, तिथं आजारी मानसं असतात मावशे. ती म्हनाली, आजारी सगळी सारखीच असतात काय, कुनाला बोलनारं मानूस लागत नाय काय. मग तिनं हात करून दाखवलं, तिकडं सावलीत एक बाई मासळी निवडत बसलेली. म्हनाली, ती माझी जाव. दिवसभरात चार शब्द बोलत नाय. तिला मी लिलावाला उभी केली तर मासळी कुजून जाईल, नि मला निवडायला बसवली तर बोंबील नि मांदेली एका टोपलीत जातील. आमी अडानी हाव, पन एवढं आमाला कळतंय. तू शिकलेली, तुला कळत नाय काय.

माझं भाषन कुठल्या कुठं गेलं. लक्ष्मी मागं उभी राहून ऐकत होती, तिला म्हनाली, लक्ष्मी, तू सांग. ती म्हनाली, बाई, मी कामाला कदी चुकली नाय. पन गप राहिली की माझे हात थांबतात, मला काय सुचत नाय. एवढंच ती हळू बोलली असेल सगळ्या जन्मात. मी म्हनाली, तू चल, तुला दारावर ठेवते नि बाळंतिनींच्या खोलीत ठेवते, बोल काय बोलायचं ते. तिच्या आईनं मला जेवल्याबिगर सोडलं नाय, नि वर सुके बोंबील बांधून दिले, येताना एसटीत सगळे माझ्याकडं वळून वळून बघत होते.

सुमतीला मी पत्र लिवलं. चार वेळा लिवलं नि फाडलं, कारन चुकली असं लिवायची मला सवय नव्हती. शेवटी दोन ओळी लिवल्या, तुला सगळ्यांसमोर बोलली ती माझी चूक झाली, तुझ्याबिगर ड्रेसिंगची खोली नीट राहत नाय, आलीस तर आता तिथंच ठेवीन. पंधरा दिवसांनी ती दारात उभी. त्या दिवशी पयल्यांदा ती माझ्याशी धड बोलली. म्हनाली, बाई, कोणी लोकांत बोललं की माझे कान बंद होतात, पुढचं काही ऐकूच येत नाही. काय सांगायचं ते बाजूला सांगा, नाहीतर चिठ्ठीवर लिहून द्या. त्या दिवसापासून मी सुमतीला चिठ्ठी द्यायची, नि लक्ष्मीला तोंडावर सांगायची, तिथल्या तिथं, कारन लक्ष्मीला लिवून दिलेला कागद दुपारपर्यंत हरवायचा.

डॉक्टरसाहेबांना हे पटलं नाय. म्हनाले, चांगुणाबाई, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, एकीचे लाड केले की बाकीच्या बिघडतात. मी म्हनाली, साहेब, काम सगळ्यांना सारखंच हाय, कोनाला कमी नाय. पन तान्ह्या पोराला नि बापाला तुमी एकच डोस देता काय. ते हसले. म्हनाले, तीन महिने देतो, मग बघू.

तीन महिने पुरे व्हायच्या आधीच ती सकाळ आली. पळस्प्याच्या फाट्यावर लग्नाचं वऱ्हाड घेऊन चाललेला ट्रक उलटला. बातमी आमच्या घरच्यांनीच आनली, टांग्यात दोघं जखमी घालून, पाठोपाठ बैलगाड्या, आनखी टांगे, नि अख्खं वऱ्हाड रडत ओरडत दारात. लक्ष्मी दारात उभी राहिली. तिचा तो आवाज, तुमी इकडं, मावशी तुमी बसा, रगत थांबलंय तुमचं, बघा थांबलंय, काका आधी या पोरीला जाऊ द्या. एवढी मानसं, पन कोनी कोनाला ढकललं नाय. नवरीच्या आईला तिनं असं बोलत ठेवलं, की तिच्या हाताला मी टाके घातले ते तिला नंतर कळलं. आत सुमती डॉक्टरसाहेबांच्या बाजूला. साहेबांनी नुसता हात पुढं करायचा, पायजे ते हातात. दोघं एक शब्द बोलले नायत. नि रुकय्या सगळीकडं, सुया उकळ, पानी आन, कोनाला धर, कोनाला पुस. देवाच्या दयेनं सगळी वाचली. संध्याकाळी साहेब हात धूत होते, मला म्हनाले, तीन महिने झाले असं समजा. मी काय सांगू, हवेत होती मी. वाटलं, आता आपल्याला मानसं कळायला लागली.

आठच दिवसांनी रुकय्यानं माझ्या हातात कागद दिला. राजीनामा.

रुकय्या म्हंजे पनवेलच्या मोहल्ल्यातली, माझ्यापेक्षा थोडी ल्हान, माझ्याबरोबर सगळ्यात जास्त टिकलेली. तिची कदी तक्रार नाय. लक्ष्मीची सुट्टी, रुकय्या हाय. सुमतीला ताप, रुकय्या हाय. मी म्हनाली, अगं काय झालं, कोनी बोललं काय. ती शांतपनानं म्हनाली, कोनी काय बोललं नाय बाई, तेच तर. तुमी लक्ष्मीला इचारायला करंजाला गेलात, सुमतीला पत्र लिवलंत. मला कदी इचारलंत, रुकय्या तुला काय पायजे. मी कुरकुर करत नाय म्हनून जिथं फाटलं तिथं मला ठिगळ लावता. दोन ईदा मी ड्युटीवर काढल्या, अम्मी घरी वाट बघत बसली, तुमाला माहीत तरी हाय काय.

मला माहीत नव्हतं. खरं सांगते, मला खरंच माहीत नव्हतं, नि त्याचीच जास्त लाज वाटली. जी ओरडते तिच्याकडं मानूस बघतो, जी रुसते तिच्याकडं बघतो, जी गुपचूप करत राहते ती दिसतच नाय. मी तिचा हात धरला, म्हनाली, आता इचारते, उशीर झाला असला तरी इचारते, काय पायजे तुला. ती म्हनाली, मला माझं एक काम पायजे, माझं सोताचं. पिशवीतनं तिनं एक वही काढली. आत सगळं लिवलेलं, बाळंतिनीचं बिछानं कसं करायचं, सुई कशी धरायची, तान्हं कसं उचलायचं, नीट नीट अक्षरात, चित्रं काढून. म्हनाली, नव्या पोरी येतात, त्यांना कोनी शिकवत नाय, चुकल्या की बोलनी खातात नि पळतात. मला त्यांना शिकवू द्या. मी तो राजीनाम्याचा कागद तिच्याच वहीत ठेवला नि म्हनाली, वही चालू कर, नि पयल्या पानावर लिव, ईदेला रुकय्या घरी. ती हसली. पन कागद काय तिनं लगेच फाडला नाय हा, वर्सभर वहीत ठेवला होता, मला मधनंमधनं दाखवायची.

तवापासून पोरी टिकायला लागल्या. बाळंतिनींची खोली काय बंद झाली नाय, ती आठव्या महिन्याची बाई आली, मुलगी झाली तिला, आता ती मुलगी शाळेत जाते.

आता माझे पाय सुजतात, मी सकाळचे दोन तास जाते नि येते. चाव्या रुकय्याकडं हायत, मोठी सिस्टर आता तीच. लक्ष्मीचं लगीन उरनला झालं, रोज एसटीनं येते. सुमतीनं लगीन केलं नाय, ती तिच्या ड्रेसिंगच्या खोलीत सुखात हाय. मागच्या आठवड्यात एक नवी पोर आलीय, ती पेशंटासमोर हसते. इंजेक्शन देताना हसते, कोन कन्हत असला तरी हसते, मानसं चिडली. रुकय्या तापून माझ्याकडं आली, रुकय्याला सगळं वहीतल्यासारखं लागतं ना, म्हनाली, बाई, हिचं काय जमनार नाय, घरी धाडू या. मी म्हनाली, तू इचारलंस काय तिला. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी आली, म्हनाली, बाई, ती घाबरली की हसते. तिला पोरांच्या खाटांकडं लावलीय, पोरं पन हसतात तिच्याबरोबर.

मी काय म्हननार आनखी. मला आता तिथं कोनी फारसं इचारत नाय, नि ते बरंच हाय. देव या पोरींच्या हाताला बळ देवो, नि त्या कुठं पन कामाला असोत, तुला काय पायजे गं, असं इचारनारं कोनीतरी त्यांना असू दे.