डिंक कोनाच्या हातचा

(दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्याबाहेर, फाल्गुनातली सकाळ. अंजूची आई सुखीबाई आणि अंजूची सासू रुपीबाई नाल्याच्या काठाने चालल्या आहेत.)

सुखीबाई : पन मी म्हनते, तुमाले यायची गरजच काय होती? पोरगी माही, पयलं बाळंतपन माया घरी, लाडू मी करनार. मंग डिंकही मीच काढीन ना. रस्ता दाखवून देल्ला असता तं एकटी गेली असती.

रुपीबाई : तुमी पाहुन्या, इहीनबाई. काट्यात एकट्या कशा सोडू? अन् भलत्या झाडाशी गेल्या तं?

सुखीबाई : भलत्या झाडाशी जायाले मी आंधळी हावो का? मी बी तांड्यातच जल्मली. वणीले राह्याले गेली म्हनून का बाभूळ भुलली? हे पाहा, हे काय समोरच उभी हाये. काखेत कळसा अन् गावाले वळसा!

रुपीबाई : थांबा, थांबा. विळा खाली करा. ते वेडी बाभूळ हाये.

सुखीबाई : वेडी कायची? काटे हायेत, पाला तोच हाये.

रुपीबाई : पाल्यावर नका जाऊ, पाला सगळ्याइचा सारखाच दिसते. बूड पाहा. जमिनीतूनच पाच-सा फांद्या फुटल्या, झुडपावानी. अन् शेंग पाहा, पिवळी, लांबट. आपल्या बाभळीची शेंग मन्याच्या माळेवानी असते, दोन बियांच्या मधात चिमटा काढल्यावानी. फुलाचाही पिवळा गोंडा असते, गोल. हिले तुरा येते.

सुखीबाई : डिंक तं हिलेही आला हाये.

रुपीबाई : येते. पन आमी खात नाही. अन् बाळंतिनीच्या पोटात जायाचा हाये, तिथं अंदाज नाही चालत.

सुखीबाई : घ्या. हुशार हा बाप्पा तुमी. अंजू सांगतच राह्यते फोनवर. याडीनं हे झाड दाखवलं, याडीनं ते फूल दाखवलं. मायासंग पाच मिंट बोलते, त्यातले चार मिंट याडी.

रुपीबाई : पोरीले झाडाइचा नाद लागला, म्हनून सांगत असन.

सुखीबाई : मायापाशी होती तवा घरची तुळस वाळली तरी पाहे नाही. अन् एक सांगा, आपल्या गोरबोलीत याडी कोनाले म्हनतेत? आईले. मंग मी मम्मी अन् तुमी याडी, हे कसं काय?

रुपीबाई : माहा राजकुमार म्हनते मले याडी. त्याच्या मांगं तेही म्हनाले लागली. मी नाही शिकवलं. अन् तुमाले मम्मी म्हनाले कोनं शिकवलं?

सुखीबाई : मीनंच. कॉलनीत पोट्टे हासत. याडी आली, गाडी आली, असं म्हनत मांगं पळत. पोरगी रडत घरी ये. म्हनलं, मम्मी म्हन, भांडन मिटलं. माही बोलीच सुटली तिथं. आता कोनाले माहीत होतं, मी टाकलेला शब्द तुमी उचलून घ्यान म्हनून?

रुपीबाई : उचलला नाही वो. दारात आला, तं हाकलला नाही.

सुखीबाई : आयत्या बिळावर नागोबा म्हनते याले. तेवीस वर्सं मी वाढवली. तिच्या तापात मी जागली. अन् तुमाले दीड वर्सात सगळं तयार भेटलं.

रुपीबाई : भेटलं. खोटं कायले बोलू? ... तिकडं नका जाऊ, बांधावरच्या झाडाकडं.

सुखीबाई : आता याचं काय? काळं खोड हाये, भेगा हायेत, माळेवानी शेंगा हायेत. तुमीच सांगतल्या त्या साऱ्या खुना हायेत. पाहा, डिंक कसा लोंबून राह्यला, मधावानी.

रुपीबाई : झाड बरोबर वळखलं. पन त्या वावरात कपाशीची पराटी होती. दिवाळीलोक फवारे मारले वावरवाल्या श्रावणनं, सारं औषध झाडावर उडे. त्याचा डिंक मी नाही घेत. अन् बांध त्याचा हाये, इचारल्याबिगर हात नाही लावाचा.

सुखीबाई : तुमचं तं सोवळंच लय! नेता मंग कुठं?

रुपीबाई : हे काय, नाल्याच्या काठाले. इथं वावर नाही, फवारा नाही. आमच्या तांड्याच्या बाया इथंच येतेत. ते पांढऱ्या सालीचं हिवर हाये, ते सोडा. त्याच्या मांगची.

सुखीबाई : हे! हे खरी म्हातारी बाभूळ. आता मधात नका बोलू. एक वार इथं टाकते, एक तिथं, उद्यालोक भदाभदा निंगंन.

रुपीबाई : नाही, नाही! इहीनबाई, हात आवरा. घाव नाही घालाचा.

सुखीबाई : अवो, घाव घातल्याबिगर डिंक येते का?

रुपीबाई : येते. उन्हानं साल तडकते, तिथून येते. जेवढा आला तेवढा घ्याचा. घाव घालून लोकं डिंक काढतेत, पन मंग झाड दोन-तीन वर्सात वाळते. तिकडचे वाळके ठूठ दिसले ना? ते तसेच गेले. अन् ओला नका ओढू, सालीसकट येते. टनक झाला तोच खुडा. मऊ राहू द्या, दुसऱ्या बाईले कामी येईन.

सुखीबाई : दुसऱ्या बाईले! माया पोरीचे लाडू कमी पडले तं?

रुपीबाई : दुसऱ्या झाडाशी जाऊ. दिवस का सरला?

सुखीबाई : ... हा पाहा. केवढा खडा निंगाला! सूर्य दिसते याच्यातून. असा तुमाले भेटला का कधी?

रुपीबाई : नाही बाप्पा. नशीबवान हा तुमी.

सुखीबाई : उगाच लाडीगोडी लावू नका. बरं, मले सांगा, तुमी लाडवाचा डिंक तळता कसा?

रुपीबाई : कसा म्हन्जे? तूप तापलं की टाकते.

सुखीबाई : तसाच? वाळवत नाही?

रुपीबाई : नाही. माहे लाडू दगडावानी होतेत, हे खरं. राजकुमार म्हनते, याडी, खलबत्ता दे.

सुखीबाई : होतीनच! अवो, दोन दिवस उन्हात ठेवा लागते. मंग बारीक खडे कराचे, तूप मध्यम, अन् थोडा थोडा टाकाचा. लाह्यावानी फुलला पाह्यजे. आत कच्चा राह्यला की दाताले चिकटते. अंजूले म्हनून माहेच लाडू आवडतेत. तिनं कधी म्हनलं नाही तुमाले?

रुपीबाई : म्हनते. दोनी हिवाळ्यात म्हनली. मम्मीच्या लाडवाची सर नाही.

सुखीबाई : म्हनते?

रुपीबाई : म्हनते नं.

सुखीबाई : मले कधी सांगतलं नाही तिनं हे. ... बरं, ऐका. उद्या सकाळच्या गाडीनं आमी निंगतो. यवतमाळले बदलू अन् सांजेलोक वणी. तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली. शेजारची दीपा नर्स हाये, तिलेही सांगून ठेवलं. तुमी असं करा, तिचे सुती लुगडे बांधून ठेवा. पाळन्याले फाडाले लागतीन.

रुपीबाई : हूं.

सुखीबाई : हूं काय? कालपासून पाहून राह्यली, वणीचं नाव काढलं की तुमी हूं करता अन् भलतीकडं पाहता.

रुपीबाई : झाडाच्या मांगं लय डिंक हाये. मी तिकडून घेते.

सुखीबाई : घ्या. ... इहीनबाई! तुमचा फोन वाजून राह्यला, थैलीत.

रुपीबाई : माहे दोनी हात चिकटले. राजकुमारचा असन. घ्या बरं, म्हना याडी हात धुऊन बोलते.

अंजू (फोनवर) : याडी, आयक, पटकन बोलते, हे आंघोळीले गेले. मम्मी जवळ नाही नं?

सुखीबाई : ... उहूं.

अंजू : तू तिले काही सांगतलं तं नाही? सांगू नको. मी वणीले जात नाही, हे मीच सांगीन. तुया तोंडून आयकलं तं तिले वाटंन, तूच ठेवून घेतलं मले. तू तं उलटी जाय म्हनून मांगं लागली. पन मले नाही जमत, याडी. तिथं गेली की दिवसभर तेच. तुई सासू चांगली का मी, सांग. माया हातचं गोड का तिच्या हातचं. रुसते, जेवत नाही, मंग मलेच समजूत काढा लागते. मले बाळ सांभाळाचं हाये. तिले अन् बाळाले दोघाइले कशी सांभाळू मी? ... आयकून राह्यली नं?

सुखीबाई : हूं.

अंजू : वाईट नाही वो ते. मायावर लय जीव हाये तिचा, म्हनूनच तं मले बोलता येत नाही. आज जेवल्यावर सांगते. तू जवळ बस फक्त. ठेवते.

रुपीबाई : कोन होतं? राजकुमार का?

सुखीबाई : अंजू.

रुपीबाई : काय म्हने?

सुखीबाई : मम्मीले सांगू नको म्हने.

रुपीबाई : ... इहीनबाई.

सुखीबाई : कवापासून माहीत हाये तुमाले?

रुपीबाई : होळीच्या आधीपासून. मी म्हनलं तिले, जाय बाई, रीत हाये, मायचा जीव तुटंन. नाही आयकलं.

सुखीबाई : अन् मले सकाळपासून झाडं दाखवून राह्यल्या. हे खरी, हे वेडी.

रुपीबाई : मी बोलली असती तं तुमी काय म्हनल्या असत्या?

सुखीबाई : म्हनलं असतं, हिनंच पोरगी ठेवून घेतली. अन् साऱ्या तांड्याले ऐकवलं असतं.

रुपीबाई : बसा सावलीत. तोंड उतरलं तुमचं.

सुखीबाई : जळते मी तुमच्यावर, रुपीबाई. लग्नाच्या दिवसापासून जळते. ते फोनवर हासली तरी मले वाटे, कोनासंग हासून आली असन? आज तिच्या तोंडूनच आयकलं, मीच पोरीले घोर लावून ठेवला.

रुपीबाई : मी अजून एकदा समजावू का तिले? महिनाभर तरी जाऊन ये म्हनून?

सुखीबाई : नको. मंग ते तुमच्या म्हनन्यानं येईन.

रुपीबाई : तं मंग तुमीच राहा इथं. खाट हाये, घर हाये. लाडू तुमीच करा.

सुखीबाई : ते पाहू मंग. आधी आयका. घरी गेल्यावर, जेवनं झाल्यावर ते मले सांगनार हाये. तवा मले काहीच माहीत नाही. मी पयल्यांदाच आयकून राह्यली. समजलं?

रुपीबाई : समजलं.

सुखीबाई : ते अडकली, रडाले लागली, तरी तुमी मधात बोलू नका. सांगू द्या तिले. एवढं तरी तिनं मलेच सांगाचं हाये.