गिरणीच्या नंबरात लागलेली गाडी

मंडळी, ऐका! कोणाकडे काही मागावं लागलं, तर माणूस खरंच लहान होतो का हो? — अहो, टाळ धरून माना काय डोलावता! आधी गोष्ट तर ऐका!

कराडात विश्वंभरराव डुबल नावाचे गृहस्थ. त्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली — छोटीशी, लिंबाच्या रंगाची! हौस केवढी! जाड टायर बसवले, टपावर कॅरिअर चढवलं, आत निळे दिवे लावले. आणि वर म्हणतात काय, "घरची वीज, घरची गाडी! आता पेट्रोलपंपाच्यासुद्धा दारात उभं राहायचं नाही!"

उद्या लेकीची हळद. आणि केतकी हटून बसलेली — "आत्या आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही!" आत्या म्हणजे रावांची थोरली बहीण, कोयनेकडे राहणारी. तिला रावांनी पत्रिका धाडली — कशी? मोबाइलवर! अक्कांचा निरोप आला, "विशूला म्हणावं, दारात ये, तोंडानं बोलव. मग येते." आता आली का पंचाईत! हे राव जन्मात कोणाला 'चल ना' म्हणालेले नाहीत. फार तर म्हणतील, "गाडी आलीय."

निघाले. आदला दिवसभर गाडी सजावटीच्या दुकानात, म्हणून चार्जिंग अर्धंच. त्यात चढ, एसी, ते जाड टायर — पाटणच्या पुढे पडद्यावर लाल खूण! शेजारी एक वाडी. घरांतल्या वायरी नाजूक. गाडी पेलेल अशी वीज एकट्या सगुणाबाईंच्या पिठाच्या गिरणीत!

रावांनी काच खाली केली. "एक प्लग पाहिजे."

"गिरण आन् गाडी एकदम चालत न्हाई, फ्यूज उडतो," सगुणाबाई म्हणाल्या. "नंबर लावा."

"गाडीचा नंबर?"

"ह्या दळणाला आलेल्या बायांच्या डब्यांमागं! मोठा डबाच की तो!"

हसताय? उभी राहिली गाडी — ज्वारीच्या डब्यामागं! ऊन कलायला लागलं. राव आत घामाघूम. बोलावं तर जीभ उचलेना; गप्प बसावं तर लेकीची हळद राहते! शेवटी उतरले. हात जोडले.

"बायांनो, उद्या लेकीची हळद आहे. बहिणीला आणायचंय. तुमचा नंबर मला द्याल का?"

डबे सरकले की बाजूला!

"आधी बोलायचं न्हाई व्हय, पाव्हणं! काच लावून बसलाय मघापास्नं!"

गिरण थांबली, गाडी विजेला लागली, रावांच्या हातात चहा आला. एकीनं विचारलं, "अक्षत घेतलीया न्हवं?" राव खिसे चाचपायला लागले! तिनं कपाळाला हात लावला, आपल्या डब्यातले मूठभर तांदूळ काढले, सगुणाबाईंनी गिरणीतल्या देव्हाऱ्यातलं कुंकू दिलं. कागदाच्या पुडीत बांधली, झाली अक्षत!

अक्का दारातच उभ्या.

"अक्का, केतकीला हळद लावायला चल ना. तुझ्याशिवाय व्हायचं नाही गं."

अक्कांनी पुडी उघडून पाहिली. "ही कुठली?"

"मागून आणली."

"तू? मागून?" अक्कांचे डोळे भरले, पण बोलणं तेच! "थांब मेल्या, लुगडं बदलते. आणि ते निळे दिवे बंद कर — वरातीआधी वरात नको!"

मंडळी, राव लहान झाले का? बहीण पुढच्या सीटवर बसली तेव्हा गाडीत मावेना इतका मोठा झाला तो माणूस! आता तुम्ही सांगा — कोणाला बोलवायचं राहिलंय? नाव आलं ना मनात? मग टाळ खाली ठेवा. फोन बाहेर काढा — पत्रिका धाडायला नाही, तोंडानं बोलवायला! गजर मी थांबवून धरतो!